टाळेबंदीतला पगार आणि ‘चोर’ मालक

भोसरीचा शॉपवाला
‘टाळेबंदीत पगार बुडवणारे मालक चोरच होते’ या कालच्या लेखाला दोन ओळींत उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून हा वेगळा धागा. लेखकाचे म्हणणे असे, की २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने कोरोनाच्या टाळेबंदीतील बंद काळाचे वेतन कपातीविना देण्याचा आदेश काढला होता आणि तो न पाळणारे सगळे गुन्हेगार ठरतात. माझ्याकडे तेव्हा २२ कामगार होते. मार्चचा पगार पूर्ण दिला, एप्रिलचा निम्मा दिला आणि मे महिन्यात हात वर केले, कारण ज्या मोठ्या कारखान्याला आम्ही सुटे भाग पुरवत होतो, त्याने फेब्रुवारीची बिलेही अडकवून ठेवली होती. बँकेने हप्ते पुढे ढकलले खरे, पण व्याज चालूच ठेवले. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या (काम नसल्याने कामगारांना तात्पुरते घरी बसवण्याच्या) काळासाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई सांगितली होती. संसदेने निम्मे ठरवलेले असताना गृहसचिवांच्या एका सहीने ते पूर्ण कसे झाले, आणि सरकारने स्वतःच्या तिजोरीतून काय दिले, हे लेखकाने सांगावे.

कामगार न्यायालयातला
साहेब, निम्म्या भरपाईच्या ज्या २५-सी कलमाचा आधार आपण घेत आहात, ते ५० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना लागूच नव्हते. सरकारने काहीच दिले नाही, हेही खरे नाही. १०० पर्यंत कर्मचारी आणि त्यांतले ९० टक्के १५,००० रुपयांखालचे, अशा आस्थापनांमधील कमी पगाराच्या कामगारांचा दोन्ही बाजूंचा मिळून २४ टक्के पीएफ काही महिने केंद्राने भरला. आपल्या सल्लागाराने तो अर्ज केला होता का?

भोसरीचा शॉपवाला
अर्ज केला होता आणि पैसे जमाही झाले होते. पण पीएफच्या पासबुकावर वाणी किराणा देत नाही. बाकी कलम मला लागू नव्हते, हे मान्य. म्हणजे कायद्याने माझ्यावर निम्म्याचाही भार नव्हता आणि तरीही मी निम्मा दिला. माझाच मुद्दा इतक्या विद्वत्तेने मांडल्याबद्दल आभारी आहे.

निवृत्त एचआर
आपण दोघेही कायम कामगारांवर भांडत आहात. त्या काळात खरे मेले ते कंत्राटी. ज्या कारखान्यात मी होतो, तिथे कायम कामगारांचे पगार वेळेवर झाले आणि वार्षिक अहवालात त्याची छायाचित्रेही छापली गेली. कंत्राटी मुलांच्या हजेरीपत्रकात मात्र टाळेबंदीच्या पहिल्या दिवसापासूनचे रकाने पेन्सिलीने भरायचे तोंडी आदेश होते, कारण न्यायालय काय म्हणते ते पाहून पुढे ‘हजर’ करायचे की ‘गैरहजर’, हे ठरायचे होते. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि दोन्ही बाजूंनी वाटाघाटीने तोडगा काढावा, असे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी ‘गैरहजर’ शाईने उमटले. वाटाघाटीला त्या मुलांपैकी कोणालाही बोलावले नव्हते.

लेबर कॉन्ट्रॅक्टर, चाकण
आता सगळे खापर कंत्राटदारावर फुटणार, याची वाटच पाहत होतो. कंपनी आमचे बिल हजेरीवर काढते. हजेरी नाही तर बिल नाही, आणि बिल नाही तर मी काय घर विकून पगार वाटायचा होता? आपल्यासारखे एचआरवाले तेव्हा आमचे फोनसुद्धा उचलत नव्हते.

कामगार न्यायालयातला
कंत्राटी कामगार कायद्याचे कलम २१ स्पष्ट होते: कंत्राटदाराने वेतन दिले नाही, तर मूळ मालकाने ते द्यायचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचे. आपण कंपनीला तसे एक तरी पत्र लिहिले होते का?

लेबर कॉन्ट्रॅक्टर, चाकण
पत्र लिहिणाऱ्या कंत्राटदाराला पुढच्या वर्षीचे काम मिळत नाही, हे न्यायालयात बसून कळायचे नाही.

पाळी नंबर तीन
मी त्याच पेन्सिलवाल्या रकान्यांतला. ईएसआयने (कर्मचारी राज्य विमा) तेव्हा बेरोजगारांना सरासरी रोजगाराच्या ५० टक्के मदत ९० दिवसांपर्यंत देऊ केली होती. मी अर्ज करायला गेलो, तेव्हा कळले की पगारचिठ्ठीवर दरमहा कापलेली वर्गणी माझ्या खात्यावर भरलेलीच नव्हती. हे साथीच्या आधीचे आहे, कंत्राटदार महाशय. त्यालाही टाळेबंदीच कारण का?

लेबर कॉन्ट्रॅक्टर, चाकण
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझी चलने तपासून घ्या.

भोसरीचा शॉपवाला
धागा माझा होता, याची नम्र आठवण करून देतो. मूळ प्रश्न एवढाच आहे, की तो आदेश कायदेशीर होता की नाही.

कामगार न्यायालयातला
सर्वोच्च न्यायालयाने १२ जूनला त्याचा निकाल दिलाच नाही, कारवाई तेवढी थांबवली. आणि केंद्राने तर त्याआधीच, १८ मेपासून, आदेश मागे घेतला होता. त्यामुळे आपण चोर ठरला नाहीत, तसे निर्दोषही ठरला नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मात्र ३० एप्रिललाच प्रवास व जेवणाचा भत्ता वगळून वेतन देण्यास सांगितले होते, हे आपल्या एप्रिलच्या निम्म्या पगारासंदर्भात नमूद करतो.

भोसरीचा शॉपवाला
खंडपीठाच्या त्याच आदेशात टाळेबंदी उठलेल्या भागांत बोलावूनही न येणाऱ्याचे वेतन कापण्याची मुभा होती, ते वाक्य आपण सोयीस्करपणे गाळलेत. तरीही ‘चोर नाही’ एवढे लेखी मिळाले, ते मी फ्रेम करून शॉपमध्ये लावतो.

पाळी नंबर तीन
लावा. मे महिन्याच्या पगाराचे काय ते मात्र त्या २२ जणांनाही लेखी कळवा.