पैसा नाही, पण जमिनीवर लक्ष ठेवता येतं

परवडणाऱ्या घरांसाठी स्थानिक समिती काय करू शकते, या चर्चेत कुणीतरी विचारलंय: 'समितीच्या हातात ना पैसा, ना परवानगी, मग ती ठराव करण्यापलीकडे करणार काय?' हा सवाल मला अर्धाच पटला. घरं बांधणं समितीचं काम नाहीच, त्या भानगडीत तिने पडूही नये. पण स्वस्त घर पुढच्या विक्रीतही स्वस्त राहील का, याचा विचार या चर्चेत कुणीच केलेला दिसत नाही. अनुदानातून दिलेलं घर काही वर्षांनी बाजारभावाने विकलं जातं, सगळा फायदा पहिल्या मालकाच्या खिशात जातो आणि गरजूंची रांग होती तिथेच राहते.

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात १९८४ मध्ये यावर उपाय म्हणून कम्युनिटी लँड ट्रस्ट उभा राहिला. जमीन कायम ट्रस्टची. घेणारा फक्त घर विकत घेतो, खालची जमीन त्याला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते. घर विकताना वाढलेल्या किमतीतला साधारण चौथा हिस्सा त्याचा, उरलेली वाढ पुढच्या घेणाऱ्याकडून वसूल होत नाही, त्यामुळे पुढच्यालाही ते परवडतं. अशा ट्रस्टच्या मंडळात सहसा एक तृतीयांश त्या घरांत राहणारे, एक तृतीयांश परिसरातले इतर रहिवासी आणि बाकीचे सार्वजनिक हिताचे प्रतिनिधी असतात. म्हणजे स्थानिक समितीच की! फक्त तिच्याकडे सातबारा आहे, नुसती निवेदनं नाहीत. सुरुवात मात्र कंटाळवाण्या कामाने करावी लागते: पडीक सरकारी जागा कुठे आहेत आणि भाड्यापायी कोण परिसर सोडून चाललंय, याची यादी.