स्पिटफायर १५००: ट्रनियनचा बोल्ट निघत नाही, व्हर्टिकल लिंकही बदलावी का?

पाना_बारातेरा
ट्रायम्फ स्पिटफायर १५००, १९७८ ची, इंग्लंडातली. म्हणजे हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेली. पुढची डावी बाजू उघडली आहे. खालच्या विशबोनमधून (चाक चासीला जोडणारा दुभागी हात) ट्रनियनमध्ये (विशबोनच्या टोकाचा आट्यांचा ब्रॉन्झचा ठोकळा) जाणारा आडवा बोल्ट आतल्या स्टीलच्या स्लीव्हला गंजाने धरून बसलाय. नट निघाला, पण बोल्ट स्लीव्हसकट गरगर फिरतो, बाहेर यायचं नाव घेत नाही. तीन दिवस पेनिट्रेटिंग ऑइल मारतोय. जोरात ठोकलं तर विशबोनचे कान वाकतील असं वाटतं.

नवे ट्रनियन, नायलॉन बुशचा (सांध्यातल्या अस्तराचा) किट आणि सील आणलेत. बोल्ट कापायचा तर नेमका कुठे? ट्रनियनच्या वरचा सील सरकवला तर व्हर्टिकल लिंकच्या (चाक धरणारा, ट्रनियनमध्ये उतरणारा उभा दांडा) आट्यांवर तांबूस थर दिसतो; नुसता ट्रनियन बदलून भागेल का? आणि विशबोनला बुश रबरी घ्यावेत की पॉलियुरेथेनचे? स्प्रिंग अजून जागेवरच आहे.

उलटे_आटे
ठोकू नका, कापाच. पण आधी स्प्रिंग बाहेर काढा. चासीखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. स्प्रिंग आणि शॉक जोडीनेच निघतात: वर टरेटवरचे (स्प्रिंगच्या डोक्यावरचा चासीचा आधार) तीन नट आणि खाली विशबोनमधला एक बोल्ट. वर मधोमध शॉकच्या दांड्यावर आणखी एक नट दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग त्याच नटाने धरून ठेवलेली असते. तो फक्त बाकावर, स्प्रिंग कॉम्प्रेसर चढवल्यावर सोडायचा. ब्रेकचा कॅलिपर सोडला की तारेने वर बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका.

आता बोल्ट. ट्रनियन आणि विशबोनचा कान यांच्या मध्ये वॉशर नि सील असतात, त्या फटीत रेसिप्रोकेटिंग सॉचं बायमेटल ब्लेड घाला. बोल्ट आणि स्लीव्ह एकदमच कापले जातात. दोन्ही बाजूंनी कापलं की ट्रनियन मोकळा. ब्लेड ट्रनियनकडे झुकवून चालवा. तो तसाही भंगारात जाणार, कान मात्र वाचायला हवेत. कानात उरलेले तुकडे मागे जाड नळीचा आधार देऊन दाबून काढा. गॅसची ज्योत नको, आत नायलॉन आणि रबर आहे आणि वीतभर अंतरावर ब्रेक फ्लुइडची होज.

विशबोन चासीवरून उतरवणार असाल तर ब्रॅकेटमागच्या शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) मोजा आणि पुढच्या-मागच्या वेगळ्या पिशव्यांत ठेवा. चाकाचा कँबर, म्हणजे आत-बाहेरचा कल, त्यांच्यावरच ठरतो. लोक इथेच आळस करतात.

तेलकट_हात
बोल्टपेक्षा तो तांबूस थर गंभीर आहे. या गाडीत स्टिअरिंग वळलं की स्टीलची लिंक ब्रॉन्झच्या ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरते. सील गेला की पाणी आत उतरतं आणि आट्यांच्या तळाशी खड्डे पडतात. लिंकला सगळ्यात जास्त बाक बसतो तो ट्रनियनच्या तोंडाशी. खड्डा तिथे असेल तर तिथूनच चीर सुरू होते. मोडते ती बहुतेक पार्किंग करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. चाळीस वर्षांवरच्या, मुळातून न बदललेल्या गाड्यांना तिकडे २०१८ पासून एमओटी या वार्षिक वाहन तपासणीतून सूट आहे, त्यामुळे तुमच्याशिवाय हे कोणी बघणार नाही.

लिंक बाहेर काढून सॉल्व्हंटने धुवा. वायर व्हील लावू नका, बारीक चिरा त्याने पुसल्यासारख्या होतात. आट्यांवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर लिंक बाद. कानस, वेल्डिंग, काही नाही. नख अडकलं नाही तरी डाय पेनिट्रंट (चिरांत शिरणारा लाल रंग) मारा. वरून मारायच्या पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटली की संपलं. खराब लिंकवर नवा ट्रनियन म्हणजे पैसे पाण्यात.

लिंक आणि ट्रनियन दोन्ही बाजूवार असतात. तुमच्या डाव्या बाजूला उलटे आटे आहेत. बसवताना ट्रनियन शेवटपर्यंत फिरवा, मग एका फेऱ्याच्या आत उलटा घेऊन विशबोनच्या रेषेत आणा. स्टिअरिंगचा टाय रॉड जोडण्याआधी दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठेही अडकता कामा नये.

आणि नवा ट्रनियन बसवण्याआधी त्यात तेल भरून रात्रभर कागदावर उभा ठेवा. बुडाची चकती नुसती दाबून बसवलेली असते, नव्या मालातही पाझरते. सकाळी कागदावर डाग दिसला तर तेल पूर्ण धुऊन चकतीच्या कडेने सोल्डर फिरवा.

घोडा_छाप
तेलच का? निपल (ग्रीस गन लावायचं तोंड) लावायची सोय आहे, ग्रीस मारून मोकळं व्हा की.

तेलकट_हात
निपल बघून फसू नका. तिथून ईपी ९० गिअर ऑइलच द्यायचं असतं, जीएल-४ दर्जाचं. काही जीएल-५ तेलांतलं गंधक ब्रॉन्झला बाधतं. ग्रीस निपलच्या तोंडाशीच साचतं, आट्यांत उतरत नाही आणि खाली साचलेलं पाणी हलत नाही. ग्रीस गनमध्येच तेल भरा आणि वरच्या सीलमधून स्वच्छ तेल येईपर्यंत दाबत राहा. गन टांगून ठेवा, नाहीतर कपाटभर तेल. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचं पुढचं सस्पेंशनही याच घराण्यातलं; इकडे कोणाकडे ती असेल तर हाच नियम.

उलटे_आटे
बुशचं राहिलं. रस्त्यावरच्या गाडीला रबरीच बरे. पॉलियुरेथेन घातलेत तर सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला कुरकुर. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने लावा. चाकं जमिनीवर, गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकललेली, मग शेवटचं आवळणं. हवेत आवळलं तर रबर कायम पीळ घेऊन बसतं आणि काही महिन्यांत फाटतं.

बोल्ट मूळच्या यूएनएफ (इंची, बारीक) आट्यांचे, हाय टेन्साइल घ्या. चकचकीत स्टेनलेसच्या मोहात पडू नका. ए२-७० दर्जाच्या स्टेनलेसची ताकद ७०० मेगापास्कल, साध्या ८.८ दर्जाच्या स्टील बोल्टची ८००. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट दर वेळी नवे. बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ लावा म्हणजे पुढच्या वेळी करवत लागणार नाही. आटे कोरडे ठेवा, नाहीतर टॉर्क पाना चुकीचा आकडा दाखवतो.

विशबोनला पावडर कोटिंग करणार असाल तर बुशची भोकं आणि ब्रॅकेट टेकण्याच्या जागा झाकायला सांगा. त्या थरावर आवळलेला बोल्ट थर दबला की सैल होतो. ट्रॅकिंग (पुढच्या चाकांची दिशा जुळवणं) सगळ्यात शेवटी, शे-दोनशे किलोमीटर चालवून बुश बसल्यावर.