मदत हवी आहे: मुलगी मला सोडायलाच तयार नाही

लेक 7 वर्षांची, दुसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. रविवारी मात्र काही नाही. फाटकापाशी माझी ओढणी इतकी घट्ट धरते की बोटं पांढरी पडतात. "तू परत आलीच नाहीस तर?" हे एकच विचारते. दोन महिने झाले.

बालमानसोपचारतज्ज्ञांनी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी हळूहळू बदलायची, बोलण्यातून आणि सरावातून होणारी उपचारपद्धती) सुचवली आहे. औषध नाही. भीतीची शिडी करायची: आधी मी 5 मिनिटं दुसऱ्या खोलीत, मग खाली दुकानापर्यंत, मग तिने तासभर मावशीकडे राहायचं. एक पायरी सवयीची झाली की पुढची. आणि "आई परत आलीच" हे तिने स्वतः वहीत लिहायचं.

दुकानाच्या पायरीवर अडलोय. ती रडली की सासूबाई मला लगेच फोन करून बोलावतात. त्यांचाही जीव तुटतो, मी समजू शकते. पण परत आले की भीती आणखी पक्की होते, असं डॉक्टर म्हणतात.

कुणाच्या मुलाने हे केलंय का? रडू आलं तेव्हा तुम्ही काय केलंत? घरच्या मोठ्यांना कसं सांगितलंत? वर्गशिक्षिकांना यात कसं घ्यायचं? नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन, मुलांशी मराठीत बोलणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.