मदत हवी आहे: जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) मुलींना एचआयव्ही रुग्णसेवेचं प्रात्यक्षिक कसं द्यावं? (पुणे)

नमस्कार. पुण्यातल्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या 40 मुलींना वॉर्ड पोस्टिंगआधी एचआयव्ही रुग्णसेवा शिकवायची आहे. हाताशी दोन तास. विषाणू, सीडी4 पेशी वगैरे लेक्चरमध्ये झालंय, पेपरात बरोबर लिहितात. पण पॉझिटिव्ह रुग्ण म्हटलं की दोन-दोन ग्लोव्हज, आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचं रक्त काढताना हात उघडे. ही सवय कशी मोडावी? सुई टोचल्यावर नेमकं काय करायचं, हेही हवं आहे.

प्रतिसाद १
मॅडम, तासाला "एचआयव्ही रुग्णाची काळजी" हे नावच देऊ नका. ज्याची तपासणीच झालेली नाही तो रुग्ण कळणार कसा? फळ्यावर दोनच आकडे लिहा. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई 1000 जणांना टोचली तर एचआयव्ही साधारण 3 जणांना होतो. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या 300 जणांपर्यंत. त्यामुळे लसीचे 0, 1, 6 महिन्यांचे तिन्ही डोस झालेत का ते आधी बघा.

प्रात्यक्षिकाला बीटचं पाणी घ्या. अर्धा कप फरशीवर सांडा. मुली थेट हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओततात, तिथेच चुकतं: रक्तातल्या प्रथिनांत क्लोरीन खर्ची पडतं. आधी ग्लोव्हज, मग टिपकागद किंवा जुनं कापड टाकून शोषून घ्यायचं, ते पिवळ्या पिशवीत, आणि नंतर 1 टक्का द्रावण किमान 10 मिनिटं. बाटली 5 टक्क्यांची असेल तर 200 मिली आणि 800 मिली पाणी. रोज ताजं करायचं, प्लास्टिकच्याच बादलीत.

सिरिंजचं टोपण परत लावायचं नाही, हे तोंडी सांगून उपयोग नाही. प्रत्येकीकडून पाच वेळा करून घ्या: सुई हब कटरमध्ये (सुई कापून आत टाकणारं यंत्र), सिरिंज लाल पिशवीत. सुयांचा पांढरा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. भरलेल्या डब्यात कोंबताना सुया टोचतात.

प्रतिसाद २
सुई टोचल्यावर: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-ब्लीच चोळायचं नाही, त्याने कातडी आणखी सोलवटते. डोळ्यात उडालं तर नुसतं पाणी. लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगून कॅज्युअल्टी. पीईपीचा (संसर्ग टाळायला टोचल्यानंतर घ्यायचं औषध) पहिला डोस शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी, रोज एक, 28 दिवस. अँटासिड घ्यायचं असेल तर गोळीनंतर 2 तासांनी. तपासणी त्याच दिवशी, मग 6 आठवडे, 3 आणि 6 महिन्यांनी.

धागाकर्ती
आभारी आहे! रुग्णाचा रिपोर्ट यायचा असेल किंवा तो तपासणीला नाही म्हणाला तर?

प्रतिसाद २
पहिल्या डोससाठी रिपोर्टची वाट पाहायची नाही. रुग्ण निगेटिव्ह निघाला तर डॉक्टर औषध थांबवतात. तपासणी मात्र त्याच्या संमतीनेच; 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि निदान गुप्त ठेवणंही त्यात बंधनकारक आहे.

प्रतिसाद १
हाच भाग सगळ्यात जास्त घोटवून घ्या. खाटेच्या कार्डावर लाल खूण नको, केस प्रेझेंटेशनमध्ये नाव नको, हँडओव्हर (ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती देणं) नातेवाइकांच्या कानावर पडेल असा नको. दोघींना नर्स करा, तिसरीला खाटेशी बसलेली सासू. सासूला निदान कळलं तर हँडओव्हर पुन्हा.