शब्दचर्चा : ब्रिजमधील ‘कन्व्हेन्शन’ आणि ‘पार्टनरशिप अग्रीमेंट’ – संकेत, करार की समजूत?

प्रश्न

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हा चौघांचा, समोरासमोर बसलेल्या दोन-दोन भिडूंचा पत्त्यांचा खेळ नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी बोलीच्या नियमांची मराठी टिपणे तयार करीत आहे. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर, हुकूम, उतारी, भिडू हे शब्द इतके रुळलेले आहेत, की तेथे काहीच अडत नाही. अडते ते ‘कन्व्हेन्शन’ (बोलीला सरळ अर्थाऐवजी दिलेला वेगळा अर्थ) आणि ‘पार्टनरशिप अग्रीमेंट’ (आपल्या बोलींविषयी भिडूंमध्ये असलेली जाण) या जोडीपाशी. पहिल्यासाठी मी ‘संकेत’ आणि दुसऱ्यासाठी ‘करार’ हे शब्द योजले होते. परंतु टिपणे वाचणाऱ्या एकाने विचारले, की दोन भिडूंनी आपसांत संकेत ठरवून खेळणे ही लबाडी नव्हे काय. दुसऱ्याने ‘करार’ म्हणजे चार इस्पिकांचा करार असे धरून संपूर्ण परिच्छेदाचा भलताच अर्थ लावला. या दोन संज्ञांसाठी कोणते शब्द योग्य ठरतील, आणि त्यांच्यात नेमका भेद कसा करावा, याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद

‘करार’ आधी बाजूला काढावा. लिलाव, म्हणजे चढत्या बोलींची फेरी, ज्या बोलीवर थांबतो, त्या बोलीने पत्करलेल्या हातांच्या (जिंकायच्या डावांच्या) संख्येला ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात आणि खेळाच्या नावातच तो शब्द बसलेला आहे. मराठीत ‘करार’ त्याच्यासाठीच राखून ठेवणे इष्ट. एकाच टिपणात ‘आपला करार’ म्हणजे एकदा चार इस्पिके आणि एकदा भिडूंनी घरी बसून ठरवलेले नियम, असे झाले तर वाचणाऱ्याला दोष देता येणार नाही.

परंतु ‘करार’ टाळण्याचे खरे कारण याहून मोठे आहे. करार हा दोघांनी बोलून, जाणूनबुजून केलेला असतो. ब्रिजच्या नियमांना जी गोष्ट अभिप्रेत आहे, ती केवळ बोलून ठरवलेली असतेच असे नाही. डुप्लिकेट ब्रिजच्या, म्हणजे स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या ब्रिजच्या, नियमावलीतील 40 वा नियम स्पष्ट सांगतो, की भिडूंमध्ये परस्परांच्या पद्धतीविषयीची जाण चर्चेतून उघडपणे निर्माण होऊ शकते किंवा एकत्र खेळण्याच्या अनुभवातून न बोलताही निर्माण होऊ शकते, आणि दोन्ही प्रकारांना नियम सारखेच लागू होतात. उदाहरणार्थ, आपला भिडू तिसऱ्या क्रमांकाला बोलत असला, आणि आधीचे दोघे पास झालेले असले, की तो दहा गुणांवरही (मोठ्या पानांच्या मोजणीत कमी बळ असतानाही) डाव उघडतो, म्हणजे पहिली बोली लावतो, हे आपल्या ध्यानात आलेले असेल. त्याविषयी आपण दोघांनी चकार शब्द काढलेला नसेल, तरीही प्रतिस्पर्ध्याने विचारल्यावर ते सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. अशा न बोललेल्या गोष्टीला ‘करार’ म्हणता येत नाही, ‘ठराव’ तर नाहीच. ‘समझोता’ या शब्दाला आधी भांडण झाल्याचा वास येतो. मला ‘समजूत’ हा शब्द सर्वांत नेमका वाटतो. ‘आमची समजूत अशी आहे, की दोन किलवर ही बोली प्रश्नार्थक असते,’ हे वाक्य कोणत्याही टेबलावर सहज खपून जाईल.

आता ‘संकेत’. या शब्दाविषयीची शंका मला अकारण वाटते. गुप्त खूण हा संकेताचा एक अर्थ झाला. परंतु लोकसंकेत, काव्यसंकेत, नाट्यसंकेत यांत गुप्ततेचा लवलेशही नाही. रंगमंचावरचे स्वगत शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ऐकू येते आणि शेजारी उभ्या असलेल्या पात्राला येत नाही, हा संकेत नाट्यगृहातील प्रत्येकाला ठाऊक असतो, म्हणूनच तो चालतो. न्यायदर्शनातही, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातही, ‘या पदावरून हा अर्थ समजावा’ अशा योजनेलाच संकेत म्हटले आहे, आणि कन्व्हेन्शनची याहून चांगली व्याख्या मला सुचत नाही: दोन किलवर या पदावरून किलवर हा अर्थ समजू नये, तर ‘तुझ्याकडे चार पानी बदाम किंवा इस्पिक आहे का?’ हा प्रश्न समजावा.

असे संकेत मुळात का लागतात, हे टिपणांत सांगितले नाही, तर शब्दाचा अर्थ नवशिक्याच्या मनात उतरणार नाही. तेरा पानांचे वेगवेगळे संच 6,35,01,35,59,600 होऊ शकतात, आणि त्यांचे वर्णन करण्यासाठी खेळाडूपाशी 35 बोली आणि पास, डबल व रिडबल हे तीन उच्चार, एवढाच शब्दसंग्रह असतो. त्यातही लिलाव मागे जात नाही. प्रत्येक बोलीने खालच्या बोली संपून जातात. तेव्हा ज्या बोलीचा सरळ अर्थ फारसा उपयोगाचा नाही, ती बोली दुसऱ्या, अधिक उपयोगी अर्थासाठी वापरून घ्यायची, हीच संकेतामागची युक्ती. भिडूने एक नोट्रंप (हुकमाविना खेळ) म्हटल्यावर ‘माझ्याकडे किलवर बरीच आहेत, दोनच्या पातळीवर तीच हुकूम असू देत’ असे सांगण्याची वेळ फारशी येत नाही, आणि साधता आले तरी प्रतिस्पर्धी आपल्याला तेथे सुखाने राहू देत नाहीत. म्हणून ती बोली प्रश्नासाठी मोकळी झाली. हा संकेत अमेरिकी खेळाडू सॅम स्टेमन यांच्या नावाने ओळखला जातो, कारण 1945 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. कल्पना मात्र त्यांचे भिडू जॉर्ज रॅपी यांची होती. नामकरणाच्या बाबतीत ब्रिज फारसा न्यायी नाही, हे ओघाने आले.

या दोन शब्दांतला भेद असा मांडावा, की प्रत्येक संकेत ही समजूत असते, परंतु प्रत्येक समजूत हा संकेत नसतो. ‘आम्ही कोणतेही संकेत खेळत नाही, सगळे नैसर्गिक आहे,’ असे सांगून गप्प बसणारे भिडू भेटतात. त्यांच्या एक इस्पिक या नैसर्गिक बोलीत इस्पिके किमान पाच असतात की चार? स्टँडर्ड अमेरिकन पद्धतीत पाच, ॲकॉल पद्धतीत चारही चालतात. त्यांचे एक नोट्रंप 15 ते 17 गुणांचे की 12 ते 14 गुणांचे? दोन्ही बोली नैसर्गिक आहेत, दोहोंत कोणताही संकेत नाही, आणि तरीही संपूर्ण डावात मिळून 40 च गुण असताना तीन गुणांचा हा फरक प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. नियमावलीनेही 2007 च्या आवृत्तीत ‘कन्व्हेन्शन’ची जुनी व्याख्या वगळून ‘कृत्रिम बोली’ आणि भिडूंमधील ‘विशेष समजूत’ या संज्ञांवर भर दिला, तो मला योग्य दिशेचा वाटतो.

दुसरे मत

‘करार’विषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु ‘समजूत’ हा शब्द मला फार मऊ वाटतो. ‘तशी माझी समजूत होती’ असे आपण बहुधा चूक उघडकीला आल्यावर म्हणतो. ‘समजूत काढणे’ हा वाक्प्रचार तर मुलांसाठी आणि रुसलेल्यांसाठी आहे. नियमांच्या भाषेत असा डळमळीत शब्द घातल्यास, ‘माझी समजूत वेगळी होती’ असे म्हणून प्रत्येक जण सुटू पाहील. त्यापेक्षा ‘ठरलेली पद्धत’ असे सरळ का म्हणू नये?

प्रतिसाद

आपला आक्षेप योग्य जागी आहे, आणि म्हणूनच टिपणांत तो शब्द एकटा न ठेवता पहिल्यांदा ‘भिडूंमधील समजूत’ असा लिहावा. एकट्याची समजूत आणि दोघांमधील समजूत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्रिजमधील न्यायनिवाड्याचा बराचसा भाग याच भेदावर उभा आहे. ‘ठरलेली पद्धत’ म्हटल्यास न ठरवता अनुभवातून झालेली जाण पुन्हा बाहेर राहील.

हा भेद एका डावावर नीट पाहता येतो. त्यात उत्तर-दक्षिण हे भिडू आणि पूर्व-पश्चिम हे त्यांचे प्रतिस्पर्धी. उत्तरेचा खेळाडू एक नोट्रंप म्हणतो, पूर्व पास, दक्षिणेचा खेळाडू दोन चौकट म्हणतो. पश्चिमेचा खेळाडू आपली पाळी आल्यावर या बोलीचा अर्थ विचारतो. नियमाप्रमाणे अर्थ सांगायचा असतो तो बोली लावणाऱ्याने नव्हे, तर त्याच्या भिडूने. तेव्हा उत्तरेचा खेळाडू सांगतो, ‘ट्रान्सफर आहे, किमान पाच बदाम.’ (ट्रान्सफर म्हणजे एका रंगाची बोली लावून त्याच्या वरचा रंग दाखवण्याचा संकेत.) दक्षिणेच्या हातात प्रत्यक्षात सहा चौकटी आणि दोनच बदाम आहेत.

चूक कोणाची, हे हातातील पानांवरून ठरत नाही. या दोघांमधील समजूत ट्रान्सफरची असेल, तर उत्तरेने दिलेले स्पष्टीकरण बरोबर आहे आणि दक्षिणेने बोली चुकवली आहे. प्रतिस्पर्ध्यांना खरी समजूत कळण्याचा अधिकार असतो, समोरच्याच्या हातातील पाने कळण्याचा नव्हे. ती त्यांना कळलेली असल्यामुळे नुकसान झाले तरी त्यांना भरपाई मिळत नाही, आणि आपण विसरलो हे दक्षिणेने सांगण्याचीही गरज नसते. उलट, दोन चौकट ही बोली सरळ चौकटींचीच असे दोघांमध्ये ठरलेले असेल, तर दक्षिणेची बोली बरोबर आहे आणि स्पष्टीकरण चुकले आहे. मग ही चुकीची माहिती ठरते, आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचे नुकसान झाले असेल तर स्पर्धेचा डायरेक्टर निकाल बदलून देऊ शकतो. दक्षिणेची बाजू करार खेळणार असेल, तर शेवटच्या पासनंतर आणि पहिल्या उतारीच्या आधी दक्षिणेने डायरेक्टरला बोलावून ती चूक दुरुस्त केली पाहिजे. तीच बाजू बचाव करणार असेल, तर डाव खेळून संपेपर्यंत थांबले पाहिजे, कारण मध्येच बोलल्यास भिडू जागा होईल.

दोन्ही प्रसंगी दक्षिणेवर आणखी एक बंधन येते, आणि नवशिक्यांना तेच सर्वांत जड जाते. भिडूने दिलेले स्पष्टीकरण त्याच्या कानांवर पडले आहे, परंतु ते ऐकण्याचा त्याला अधिकार नाही. पुढची बोली त्याने ते ऐकलेच नसल्याप्रमाणे लावायची असते. ‘अरे हो, आपण ट्रान्सफर खेळतो,’ ही आठवण भिडूच्या उत्तराने झालेली असल्यामुळे तीसुद्धा वापरता येत नाही. चेहऱ्यावर काही उमटू न देणे हा शिष्टाचाराचा नव्हे, नियमाचा भाग आहे.

आणि ‘माझी समजूत वेगळी होती’ असे म्हणून सुटण्याविषयी: बोली चुकली की स्पष्टीकरण चुकले, याचा पुरावा नसल्यास डायरेक्टरने स्पष्टीकरण चुकले असेच गृहीत धरायचे असते. त्यामुळे ट्रान्सफर खेळणाऱ्या भिडूंनी ते आपल्या कन्व्हेन्शन कार्डावर, म्हणजे भिडूंच्या पद्धतींच्या पत्रिकेवर, लिहून ठेवलेले नसेल, तर भोगावे त्यांनाच लागते. कन्व्हेन्शन कार्डाला ‘संकेतपत्रिका’ म्हणण्याचा प्रघात पडू पाहत आहे. वरील विवेचन पाहता ‘समजूतपत्रिका’ म्हणणे अधिक योग्य होईल, परंतु हा शब्द कानाला गोड लागत नाही, हे मी मान्य करतो.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही आभार. ‘समजूत’ स्वीकारतो. याच ओघात आणखी दोन शब्दांविषयी विचारतो: ‘अलर्ट’साठी मी ‘इशारा’ लिहिले आहे आणि ‘सायकिक बिड’साठी ‘फसवी बोली’. हे चालतील का? ‘डबल’ मात्र तसाच ठेवला आहे.

प्रतिसाद

‘इशारा’ कृपया काढून टाकावा. पत्त्यांच्या खेळात इशारा भिडूलाच करतात, आणि ठरवून केलेल्या अशा खाणाखुणांनी माहिती पोचवणे हा 73 व्या नियमानुसार सर्वांत गंभीर अपराध आहे. अलर्टची दिशा नेमकी उलटी असते: भिडूच्या बोलीला अनपेक्षित अर्थ आहे, हवे तर विचारा, असे प्रतिस्पर्ध्यांना सुचवण्यासाठी तो असतो. टेबलावर सगळे ‘अलर्ट’च म्हणतात, टिपणांतही तोच राहू द्यावा.

‘फसवी बोली’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु त्यात नैतिक दोष डोकावतो. आपल्याकडील बळ किंवा रंगाची लांबी जाणूनबुजून, फार मोठ्या प्रमाणात खोटी सांगणे, अशी सायकिक बोलीची व्याख्या आहे, आणि ती नियमाने वैध आहे. वैधतेची अट एवढीच, की भिडूही प्रतिस्पर्ध्यांइतकाच अंधारात असला पाहिजे. ‘हूल’ हा शब्द मला येथे चपखल वाटतो. हूल देणे हा डावपेच आहे, अपराध नव्हे. परंतु तोच खेळाडू त्याच परिस्थितीत वरचेवर हूल देऊ लागला, की भिडू ती ओळखू लागतो, आणि ज्या क्षणी भिडू ओळखू लागला त्या क्षणी ती हूल न राहता त्यांच्यातील अघोषित समजूत होते, आणि ती झाकून ठेवणे हा मात्र निश्चित अपराध आहे.

‘डबल’ ठेवला हे उत्तम, परंतु तो एकटा लिहू नये. शब्दाचा मूळ अर्थ दुप्पट, म्हणजे ‘तुमचा करार बुडणार, पैज दुप्पट’. प्रतिस्पर्ध्याने एक बदाम म्हटल्यावर आपण डबल म्हटले, तर त्याचा रूढ अर्थ जवळजवळ विरुद्ध असतो: ‘बदाम सोडून तुझा चांगला रंग सांग.’ तिसरा अर्थ अमेरिकी खेळाडू आल्विन रॉथ यांनी 1957 मध्ये आणला. भिडू एक चौकट, प्रतिस्पर्धी एक इस्पिक, आणि आपण डबल म्हटले तर आपल्याकडे चार बदाम आहेत. त्याच वर्षी अवकाशात गेलेल्या उपग्रहावरून त्याला स्पुटनिक म्हणत, आता निगेटिव्ह डबल म्हणतात. तेव्हा पहिल्या अर्थी पेनल्टी, दुसऱ्या अर्थी टेकआउट किंवा तिसऱ्या अर्थी निगेटिव्ह यांपैकी एक विशेषण प्रत्येक वेळी आधी लावावे, आणि जेथे लावता येत नाही असे वाटेल, तेथे त्या परिस्थितीसाठी भिडूंमध्ये समजूतच झालेली नाही, असे टिपणात स्वच्छ लिहावे. प्रतिस्पर्ध्याने विचारल्यावर द्यायचे प्रामाणिक उत्तरही तेच असते.