डीटीपीतून यूएक्सकडे (ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या करायच्या डिझाइनकडे) वळायचंय, क्लासला लाखभर घालू का?

प्रेसवाला_नाशिक: नमस्कार मंडळी. वय २९, बी.कॉम. प्रेसमध्ये डीटीपी करतो: लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. कोरलड्रॉवर हात बसलाय, फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) आत्ताच उघडलंय. एक क्लासवाले सहा महिन्यांचे लाखभर मागतायत, वर 'नोकरीची हमी'. घालू का? की वय गेलं?

फुकटसल्ला: हमी लेखी मागा, मग बघा गंमत. वयाचं म्हणाल तर सीईईडी या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला वयाची अट नाही, तीन वर्षांची पदवी चालते. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन विभागात, एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) होतं. प्रवेशाचे नियम मात्र वेगळे वाचा.

पेठेतली_डिझायनर: लाख रुपये तूर्त खिशातच राहू द्या. मी मुलाखती घेते. क्लासमधून येणारे पोर्टफोलिओ (कामाचे नमुने) एका साच्यातले असतात: जेवण मागवायचं ॲप, जांभळा रंग आणि मनानेच रचलेली वापरकर्ती 'प्रिया, २६, नोकरदार'. खऱ्या माणसाशी बोलल्याचा मागमूस नाही.

तुमच्या टेबलासमोर तर रोज खरी माणसं बसतात! पत्रिकाच घ्या. मजकूर व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने येतो, प्रूफ एकटा नवरदेवाचा भाऊ बघतो आणि छापून झाल्यावर आत्याबाई विचारतात, "निमंत्रकांत आमच्या ह्यांचं नाव कुठाय?" नाव नेमकं कुठे गळतं ते आधी शोधा. मग घरातल्या तिघांनी मोबाइलवर प्रूफ मंजूर करायचं, अशा चार-पाच स्क्रीन फिग्मात काढा. गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि गप्प बसा. समजावून सांगायचं नाही. बोट कुठे अडतं ते टिपा. पाच जणांत बहुतेक अडचणी कळतात, असं यूएक्सतज्ज्ञ याकोब नील्सनने २००० सालीच मांडलंय. बदला, पुन्हा दाखवा. फसलेली आवृत्तीही पोर्टफोलिओत ठेवा, मी त्यावरच जास्त विचारते.

आणि देवनागरी तुमची जमेची बाजू. इंग्रजीच्या मापाच्या बटणात मराठी टाकलं की वरची वेलांटी नि खालचा उकार छाटला जातो. भल्याभल्यांना ते दिसत नाही, तुम्हाला दिसेल. फक्त जुने श्रीलिपी फॉन्ट सोडून युनिकोडवर (सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीवर) या. मुक्ता, नोटो सान्स फुकट आहेत.

प्रेसवाला_नाशिक: ताई, आत्याबाई गेल्याच हंगामात येऊन गेल्या 😄 पण एवढ्या एका कामावर नोकरी मागू?

पेठेतली_डिझायनर: दोन करा. दुसरं छोटंच, बिलबुकाच्या ऑर्डरचा फॉर्म चालेल. आणि प्रेस इतक्यात सोडू नका, सुरुवातीचा पगार फार नसतो.