बर्ट जान्शचं 'ब्लॅकवॉटरसाइड': अंगठा अडतोय, मदत हवी आहे

ग्लासगोत जन्मलेल्या गिटारवादक-गायक जान्शने हे लोकगीत गायिका अॅन ब्रिग्जकडून शिकून १९६६ च्या 'जॅक ओरायन' या अल्बममध्ये घेतलं. गिटारची साथ जीव ओतून शिकतोय. सहावी तार ई वरून डी वर उतरवली आहे, त्यामुळे ट्यूनिंगचा प्रश्न नाही. अडचण अंगठ्याची. गाणं सुरू झालं की अंगठ्याने वाजवायच्या खर्जाच्या तारांची लय तुटते, आणि तार खेचून सोडताना येणारा तो टणत्कार माझ्याकडे नुसता खरखरतो. निम्म्या वेगात महिनाभर वाजवून पाहिलं, तारा बदलल्या, नुसत्या अंगठ्याचा रियाझही केला. साधी अकूस्टिक आहे, नखं वाढवता येत नाहीत, अंगठ्यात पिक (तार छेडायची पट्टी) नको. तार नेमकी कुठे आणि कोणत्या बोटाने खेचायची?